रस्त्याचा आराखडा आणि आपले आरोग्य

एका पावसाळ्यातील गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या मुलाने रिक्षातून माझ्या दवाखान्यात आणले. वय ७८. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. रोज पहाटे फिरायला जाणारे गृहस्थ. त्या दिवशी ते लेकीच्या गावी निघाले होते. हातात पिशवी घेऊन बसस्थानकासमोरच्या नव्या रस्त्याने चालले होते. गटारावर फरश्या टाकून केलेला पदपथ मधेच संपला. खाली उतरायची पायरी सव्वा फूट उंच होती आणि वर शेवाळ धरलेले होते. गुरुजींचा पाय घसरला आणि ते कुशीवर पडले. मी पाहिले तेव्हा उजवा पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला होता. खुब्याचे हाड मोडल्याची ही ठरलेली खूण.

जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली, पण गुरुजी अंथरुणाला खिळले. पुढे छातीत कफ साचला, न्यूमोनिया झाला आणि तिसऱ्या महिन्यात ते गेले. भेटायला गेलो तेव्हा मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, वडिलांना कसला रोगच नव्हता हो." खरे होते ते. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिले गेले. पायरीची उंची लिहायला त्यात रकाना नसतो.

आता माझी गोष्ट सांगतो. त्या रस्त्याच्या कामाची निविदा सूचना वर्तमानपत्रात छापून आली होती. चहा घेता घेता मी ती वाचली होती. 'चला, एकदाचा रस्ता होतोय' एवढेच म्हणून मी पान उलटले. इतकी वर्षे या गावात दवाखाना चालवतो, रस्त्यावर पडून जायबंदी झालेली किती माणसे तपासली याची मोजदाद नाही. पण रस्ता होण्याआधी नगरपरिषदेत जाऊन त्याचा नकाशा पाहावा, असे मला एकदाही सुचले नव्हते. आज या सदरात नेहमीप्रमाणे एखाद्या आजाराविषयी न लिहिता मी रस्त्याविषयी आणि बसस्थानकाविषयी लिहितो आहे, ते यामुळेच.

रस्ता आजार कसा देतो?

पहिला प्रकार पडण्याचा. साठीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर, हाडे ठिसूळ होत जातात. नजर मंदावते, तोल सावरायला वेळ लागतो. तरुण माणूस ठेचकाळून पुढे जातो, तिथे म्हातारे माणूस मनगट किंवा खुबा मोडून घेते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी चारपाच जणांत एक तरी वर्षभरात दगावतो, असा जगभरचा अनुभव आहे. जे वाचतात त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वीसारखे हिंडणे-फिरणे परत येत नाही. म्हणून पदपथाची उंची हा केवळ इंजिनिअरचा विषय नाही. भारतीय रस्ते महासभेची पादचाऱ्यांच्या सोयींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार पदपथाची कड रस्त्यापासून १५० मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा उंच नसावी आणि चालायला निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट मोकळी जागा असावी. गुरुजींची पायरी याच्या अडीचपट उंच होती.

दुसरा प्रकार पाण्याचा. जुन्या डांबरी रस्त्यावर नवा थर, त्यावर काँक्रीट, असे करत करत रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा वर येतो. मग पहिल्याच पावसात गटाराचे पाणी उंबरठा ओलांडते. ज्या पाण्यात उंदराचे मूत मिसळलेले असते त्यातून अनवाणी चालल्यास लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. रस्ता झाला पण गटाराला उतारच दिला नाही, तर तुंबलेल्या घाण पाण्यात हत्तीरोग पसरवणारा क्यूलेक्स डास वाढतो. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. काँक्रीटला पाणी मुरावे म्हणून रस्त्यावर आळी करून पाणी धरतात. कामाच्या जागी पिंप भरून ठेवलेले असते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून एकदा ती पिंपे रिकामी करून घासली आणि आळ्यांतले पाणी बदलले, तर हे चक्र तुटते. त्याला पैसा लागत नाही, फक्त कोणीतरी सांगावे लागते.

तिसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची वाहिनी आणि सांडपाण्याचे गटार पुष्कळ ठिकाणी शेजारी शेजारी असतात. जेसीबीच्या दातऱ्याने नळाची वाहिनी फुटते, घाईत रबर गुंडाळून ती बुजवली जाते आणि वर रस्ता होतो. नळाला पाणी असते तोवर वाहिनीत दाब असतो. पाणी गेले की दाब उतरतो आणि फुटक्या जागेतून आजूबाजूची घाण आत खेचली जाते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी आपल्या हंड्यात येते. जुलाब, विषमज्वर आणि कावीळ यांच्या साथी अशाच सुरू होतात. पाण्यातून येणाऱ्या काविळीचा 'ई' हा प्रकार गरोदर स्त्रीच्या जिवावर बेततो. म्हणून आपल्या गल्लीत खोदकाम चालू असेल तेवढे दिवस, आणि त्यानंतरही पंधरा दिवस, पाणी उकळूनच प्यावे. नळाचे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये. पाण्याला वास आला किंवा ते गढूळ आले, तर त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवावे.

चौथा प्रकार धुळीचा. खोदून ठेवलेला रस्ता सहा सहा महिने तसाच राहतो. अशा वेळी रस्त्याकडेच्या घरांतील दम्याच्या मुलांचे आणि जुनाट खोकल्याच्या वृद्धांचे दवाखान्यात येणे वाढते, हे मी दर हिवाळ्यात पाहतो. दिवसातून दोनतीन वेळा पाणी मारणे, माती-खडी झाकून ठेवणे आणि राडारोडा वेळच्या वेळी उचलणे हे ठेकेदाराचे काम आहे. दम्याच्या रुग्णांनी या काळात आपला पंप स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि बाहेर जाताना चांगल्या प्रतीचा मास्क वापरावा.

बसस्थानक आणि शरीराचे हाल

१ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून बसस्थानक हे गावाचे दार झाले आहे. आता त्या दारातून येणारी-जाणारी माणसे बदलली आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळाली. दोन्ही निर्णय चांगले. पण त्यांचा अर्थ असा की, ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना वरचेवर लघवीला जावे लागते, ज्यांच्या कडेवर मूल असते, अशी माणसे स्थानकावर पूर्वीपेक्षा जास्त दिसणार. मग स्थानकाचा आराखडाही त्यांच्या शरीराच्या मापाचा हवा.

माझ्याकडे लघवीच्या जळजळीसाठी येणाऱ्या स्त्रियांना मी एक प्रश्न नेहमी विचारतो, "प्रवास करता का?" पुष्कळ जणींचे उत्तर ठरलेले असते. निघण्यापूर्वी पाणी पीत नाहीत आणि घरी परतेपर्यंत लघवीला जात नाहीत. का, ते सांगायला नको. स्वच्छतागृह आहे, पण ते आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, अंधारात, पुरुषांच्या घोळक्यातून वाट काढत जावे लागेल असे. पाणी कमी पिणे आणि लघवी तुंबवून ठेवणे यांमुळे मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो, खडा होण्याची शक्यता वाढते. गरोदरपणात हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला, तर वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका असतो. भगिनींना माझे सांगणे एवढेच की, पाणी पिणे सोडू नका. आणि नकाशा काढणाऱ्यांना सांगणे असे की, स्त्रियांचे स्वच्छतागृह उजेडात, वर्दळीच्या बाजूला, पाण्याच्या टाकीसह आणि आतून लागणाऱ्या कडीसह दाखवा. कोपऱ्यात उरलेल्या जागेत ते ढकलू नका.

दुसरी गोष्ट बसच्या आणि माणसाच्या वाटांची. गाडी फलाटाला लागते ती तोंडाने आत येऊन, आणि निघते ती मागे सरून. त्याच मागच्या बाजूने माणसे धावत असतात. चालकाला गाडीच्या पाठीमागचे लहान मूल दिसत नाही. म्हणून पायी येणाऱ्याची वाट आणि गाडीची वाट नकाशावरच वेगळी हवी. प्रवेशद्वार, बाहेर पडण्याचे द्वार आणि रिक्षा थांबा यांची गाठ एकाच ठिकाणी पडू नये.

बाकीच्या गोष्टी लहान वाटतात, पण महत्त्वाच्या आहेत. चकचकीत फरशी फोटोत सुंदर दिसते. पावसात तीच फरशी निसरडी होते, तेव्हा खरखरीत फरशी हवी. बाकाला हात टेकायला दांडा असला, तर गुडघेदुखीचा माणूस त्याला धरून उठतो. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली तासभर उभे राहिले की चक्कर येते, म्हणून उंच छत, वारा आणि सावलीची झाडे हवीत. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवू नये. डिझेलच्या धुराने कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. तान्ह्या बाळाला पाजण्यासाठी एस.टी. महामंडळाने हिरकणी कक्ष सुरू केले, तसेच २०२३ मध्ये स्वच्छ आणि सुंदर बसस्थानकांसाठी अभियान काढले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र अभियानापेक्षा आराखडा जास्त टिकतो. स्थानक एकदा बांधले की पुढची चाळीस वर्षे ते तसेच वापरावे लागते.

जबाबदारी कोणाची?

इथे खरी गोम आहे. स्थानकाच्या फाटकाच्या आत जमीन एस.टी. महामंडळाची. फाटकाबाहेरचे गटार आणि दिवे नगरपरिषदेचे. समोरचा रस्ता राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राच्या यंत्रणेचा. आजीबाई मात्र एकच. ती रिक्षातून उतरून गाडीत बसेपर्यंत तीन मालकांच्या हद्दी ओलांडते, आणि बहुतेक वेळा ती जिथे पडते तो या हद्दींचा सांधा असतो. कारण तो सांधा कोणाच्याच नकाशावर नसतो.

कायद्याने हे काम स्थानिक संस्थेच्या दारात आणून ठेवले आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने घटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय आहेत. त्यांत रस्ते व पूल आहेत, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता आहे, आणि दिवाबत्ती, वाहनतळ, बस थांबे व सार्वजनिक शौचालये यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे जागा दुसऱ्याची असली, तरी 'हा आमचा विषय नाही' असे नगरपरिषदेला म्हणता येत नाही. पत्र पाठवणे, संयुक्त पाहणी मागणे, सभेत ठराव करणे हे तर तिच्या हातात आहेच.

महाराष्ट्रातील नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमानुसार चालतात. त्यात विषय समित्यांची सोय आहे. सार्वजनिक बांधकाम समिती वेगळी, स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य समिती वेगळी, पाणीपुरवठ्याची आणखी वेगळी. रस्त्याचा प्रस्ताव बांधकाम समितीपुढे जातो. आरोग्य समितीपुढे औषध फवारणी आणि जंतुनाशक पावडर येते. रस्त्याच्या नकाशाकडे आरोग्याच्या नजरेने पाहण्याची वेळ कोणावरच येत नाही. पुढे लेखापरीक्षण होते, त्यात रुपयांचा हिशेब लागतो. पायरी किती उंच झाली, गटाराला उतार आहे का, हे तो हिशेब सांगत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, काम मंजूर होण्यापूर्वी तो नकाशा एकदा आरोग्य समितीपुढे आणि पाणीपुरवठा समितीपुढेही ठेवावा. याला नवा कायदा नको, सदस्यांनी आग्रह धरला तरी पुरे. राज्यात बऱ्याच नगरपरिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांकडे होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आता प्रश्न विचारायला आपल्या प्रभागाचा माणूस सभागृहात आहे.

रतलामच्या रहिवाशांनी काय केले?

'नगरपरिषदेकडे पैसाच नाही' हे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या उत्तराचे काय करायचे, हे मध्य प्रदेशातील रतलाम या गावाने दाखवले. तिथल्या एका वस्तीत उघडी गटारे तुंबत. शौचालये नसल्यामुळे झोपडीतील गरीब माणसे रस्त्याकडेलाच बसत. जवळच्या मद्यार्क कारखान्याचे सांडपाणीही रस्त्यावर येई. रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाची तक्रार केली. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला सहा महिन्यांत योजना तयार करण्याचा आदेश दिला. नगरपालिका वरच्या न्यायालयांत गेली आणि पैसा नसल्याचे कारण सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९८० मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की, लोकांच्या आरोग्याचे रक्षण हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि पैशाच्या टंचाईची सबब सांगून ते टाळता येणार नाही. ज्या कलमाखाली ही तक्रार झाली, त्याची तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये, आणि जखमींना इजेनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. भरपाई मिळाली पाहिजे, यात वाद नाही. पण भरपाईने खुबा पहिल्यासारखा होत नाही. आमच्या शास्त्रात उपचारापेक्षा प्रतिबंध बरा म्हणतात. रस्त्यालाही तेच लागू आहे.

आपण काय करू शकतो?

कामाची निविदा सूचना दिसली, की चारपाच शेजाऱ्यांनी मिळून नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जावे आणि नकाशा व अंदाजपत्रक पाहायला मागावे. भांडायला नव्हे, समजून घ्यायला जावे. एवढे प्रश्न विचारले तरी पुष्कळ होईल :

१) नवा रस्ता आमच्या जोत्यापेक्षा वर जाणार का? जुना थर खरवडून काढणार आहात का?

२) गटाराचा उतार कोणत्या दिशेला आहे आणि ते शेवटी कुठे मिळते?

३) पाण्याची वाहिनी आधी बदलणार की रस्ता झाल्यावर पुन्हा खोदणार?

४) पदपथ किती उंच, किती रुंद? चाकाच्या खुर्चीसाठी उतार कुठे आहे? दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने बसस्थानकांवरही ही सोय बंधनकारक केली आहे.

५) काम किती दिवसांत संपणार आणि नंतर बिघाड झाला तर ठेकेदार किती वर्षे दुरुस्ती करून देणार? हे कामाच्या फलकावर लिहिलेले असावे.

माहिती मिळाली नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. १० रुपये शुल्क आणि साधा अर्ज. उत्तराची मुदत ३० दिवस. पुष्कळांना ठाऊक नसते की, या कायद्याने कागदाची प्रतच नव्हे, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरल्या जाणाऱ्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार नागरिकाला दिला आहे. शहराची विकास योजना जाहीर होते तेव्हाही हरकती आणि सूचना मागवतात. रस्त्यांची रुंदी आणि बसस्थानकाची जागा तिथेच ठरते. ही योजना साधारण वीस वर्षांतून एकदा येते. ती संधी हुकली तर पुढची आपल्या मुलांच्या वाट्याला.

आणि हे सर्व होईपर्यंत घरातील वृद्धांसाठी थोडे. चप्पल पायाला बसणारी आणि तळवा खरखरीत असलेली घ्यावी. हातात काठी ठेवायला लाजू नये. वर्षातून एकदा डोळे तपासावेत. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. कोणी वृद्ध व्यक्ती पडली आणि पायावर भार देता येत नसेल, तर तिला ओढून उभे करू नये. पाय जसा आहे तसा उशांचा आधार देऊन स्थिर ठेवावा, खायला-प्यायला देऊ नये, आणि आडवे झोपवूनच रुग्णालयात न्यावे. रिक्षात बसवून नेऊ नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा.

गुरुजी गेल्यानंतर मी नगरपरिषदेत गेलो. अभियंत्यांना ती पायरी दाखवली. त्यांनी ऐकून घेतले. महिन्याभराने तिथे मधे आणखी एक पायरी झाली आणि धरायला लोखंडी नळी बसली. खर्च फार आला नसेल. हेच मी ती निविदा सूचना वाचली त्या दिवशी करायला हवे होते. पुढची सूचना छापून येईल, तेव्हा वाचकहो, पान उलटू नका.